गादीकाकांच्या दोन थापा

पोलीस प्रशिक्षण केंद्रात एक माणूस मार खायच्या नोकरीवर होता. ऐकून हसू येत असेल तर खुशाल हसा. तिथं येणारी प्रत्येक नवी तुकडीसुद्धा आधी हसायचीच. मग पहिल्याच आठवड्यात कधीतरी त्या माणसाला खाली पाडायची आपली पाळी यायची आणि हसू आपसूक बंद व्हायचं.

काम तसं साधं होतं. नव्या शिपायांना माणूस धरायला शिकवायचं, म्हणजे कुणीतरी धरून घ्यायला हवं. मनगट वळवून हात पाठीमागे कसा न्यायचा, पाय अडकवून पालथं कसं पाडायचं, पाठीवर गुडघा कुठं टेकवायचा, बेड्या कशा घालायच्या, हे काही पुस्तकातून येत नाही. एकमेकांवर सराव करायला लावलं की पोरं एक तर गुदगुल्या केल्यासारखं धरतात, नाही तर जुना राग काढतात. म्हणून हा माणूस. हजेरीपटावर त्याच्या कामाला काहीतरी लांबलचक नाव होतं, ते खुद्द त्यालाही धड सांगता यायचं नाही. सगळे त्याला गादीकाका म्हणायचे, कारण सरावाच्या हॉलमध्ये दोन गाद्या होत्या, एक जमिनीवर अंथरलेली आणि दुसरे काका.

बावीस वर्षं काका पडत होते. सकाळी सात ते अकरा, मग पुन्हा दोन ते चार. डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली गेला होता, उजवी करंगळी बाहेरच्या बाजूला वळली होती, आणि शर्टाचं वरचं बटण रोज काकू लावून द्यायच्या. तक्रार म्हणाल तर एकच, की लोक विचारतात काय काम करता, आणि खरं सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत. शेजारीपाजारी त्यांना कारकून समजायचे. कारकुनाला रोज संध्याकाळी शेकायची पिशवी कशाला लागते, हे कोडं त्या बिचाऱ्यांना कधी सुटलं नाही.

पण अंगात विद्या काय होती म्हणता! डोळे मिटून पालथे पडलेले असले तरी पाठीवर कोण आहे आणि कुठल्या मनःस्थितीत आहे, हे काका नुसत्या गुडघ्यावरून सांगायचे. हा घाबरलाय. हा घरून भांडून आलाय. हिची झोप झालेली नाही. एकदा एका पोराला म्हणाले, तुझ्या डाव्या पायाला काहीतरी बोचतंय, बूट काढून बघ. काढला, तर टाचेतला खिळा वर आलेला. ही गोष्ट त्या केंद्रात अजून सांगतात, आणि दर वेळी तो खिळा थोडा लांब होतो.

शिडी त्या हॉलमध्ये आली तेव्हा एकवीस वर्षांची होती. उंच आणि किडकिडीत, म्हणून पहिल्याच दिवशी शिडी झाली. वडील बस चालवायचे, आई घरी शिवणकाम करायची, आणि मुलीला वर्दी मिळणार म्हणून दोघांच्याही अंगावर मूठभर मांस चढलं होतं. पण शिडीची एक पंचाईत होती. कुणाला दुखवायचं म्हटलं की तिच्या हातातलं बळच जायचं. काकांचं मनगट तिनं पहिल्यांदा धरलं ते नाडी बघायला धरल्यासारखं. काका म्हणाले, पोरी, मी आजारी नाही, नीट धर, माझी बायको यापेक्षा जोरात धरते. सगळा हॉल हसला आणि शिडीचे कान लाल झाले.

तिची ती भीती घालवली थापेनं. सराव घेणारा शिक्षक, ज्याला तिथं उस्ताद म्हणतात, तो मोठा खणखणीत माणूस होता. दर तुकडीला पहिल्या दिवशी तो एकच नियम सांगायचा. काकांना सोसवेनासं झालं की ते तळहातानं जमिनीवर दोन थापा मारतील. दुसरी थाप पडली की सोडायचं, त्याच क्षणी. विचार करायचा नाही, कुणाकडं बघायचं नाही, हात आणि गुडघा दोन्ही बाजूला. जो उशीर करेल त्याच्यापायी सगळी तुकडी मैदानाला दहा फेऱ्या मारेल. मग उस्ताद आपला ठरलेला विनोद करायचा, की आमचे काका जन्मभर थापा मारून पोट भरतायत, आणि काका ठरल्याप्रमाणे मान डोलवायचे.

त्या नियमानं शिडी मोकळी झाली. आता जोर लावायला भ्यायचं कारण नव्हतं. जास्त झालं तर काका सांगतीलच की! सहा महिन्यांत ती तुकडीत पहिली आली. थाप तिच्या अंगात इतकी मुरली, की एकदा घरी आईनं उशी झटकताना ती पलंगाच्या कडेवर दोनदा आपटली, आणि इकडं शिडीच्या हातातला चहाचा कप सुटून खाली पडला. आईनं कपाळाला हात लावला आणि हे कसलं बाई शिक्षण, असं म्हणत काचा गोळा केल्या. शिडीला मात्र आतून फार बरं वाटलं होतं.

त्यानंतर तीन वर्षं ती रस्त्यावर होती. कामात चोख, बोलण्यात गोड, तिच्याबद्दल एकही वाकडा शब्द कुणी लिहिलेला नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं ते एखाद्या राक्षसाच्या हातून झालं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ती आणि तिच्याबरोबरचा हवालदार बाजाराच्या रस्त्यावर होते. हवालदार निवृत्तीला टेकलेला, थंड डोक्याचा माणूस. एका इमारतीतून तक्रार आली, की मागच्या बोळात एक धिप्पाड माणूस हातात लोखंडी काहीतरी घेऊन पाइपाशी खटपट करतोय. गेले तर खरंच एक धिप्पाड माणूस, आणि हातात हातभर लांब पाना. तो नळदुरुस्तीवाला होता. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी त्याला बोलावलं होतं, आणि तळमजल्यावरच्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. दोन मजल्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं नसतं, तर ही गोष्टच घडली नसती.

त्याला पुढं फुटपाथवर आणून दोघं विचारपूस करायला लागले. पाना खाली ठेव, असं दोनदा सांगितलं. तो म्हणत होता की पाइप उघडा टाकून आलोय, पाणी वाहतंय, आधी ते बंद करू द्या, मग काय विचारायचं ते विचारा. आणि कामाच्या घाईतला माणूस वळतो तसा वळला. हवालदारानं त्याचं कोपर धरलं. त्यानं हिसडा मारला. पाना हवालदाराच्या कानाला चाटून गेला आणि टोपी रस्त्यावर पडली. मारायचा त्याचा इरादा नव्हता, हे पुढं हवालदारानंच सांगितलं, पण त्या घटकेला इरादा बघायला सवड कुणाला होती!

शिडीनं शिकवलं होतं तसं केलं. मनगट, कोपर, पाय. तिच्या दीडपट वजनाचा तो गडी दुसऱ्या क्षणी पालथा होता आणि पाना खणखणत गटाराकडं गेला. उस्तादानं पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती इतकं ते सफाईदार झालं. खोटं कशाला बोला, शिडीलाही क्षणभर बरं वाटलं.

तिनं त्याच्या दोन खांद्यांच्या मधोमध गुडघा टेकवला आणि हात बाहेर काढायला सांगितलं. त्याचे हात पोटाखाली अडकले होते. तो काहीतरी बोलला. भोवती माणसं जमली होती, प्रत्येक जण ओरडत होता, त्यात ते शब्द बुडाले. मग तो धडपडायला लागला. शिडीला वाटलं, हा सुटायला बघतोय, आणि तिनं भार वाढवला. तो आणखी धडपडला, तिनं आणखी वाढवला. हवालदार पाठमोरा उभा राहून, हात पसरून गर्दी थोपवत होता. थोड्या वेळानं खालचा माणूस शांत झाला. चला, आला ताळ्यावर, असं मनात म्हणत शिडीनं कमरेच्या बेड्यांना हात घातला. गुडघा होता तिथंच होता, कारण तो हलवावा असं काही घडलंच नव्हतं.

मग थाप पडली. लागोपाठ दुसरी.

शिडीचा गुडघा उठला. तिनं उठवला नाही, तो उठला. दोन्ही हात उघडून बाजूला झाले, बेड्या फुटपाथवर पडल्या, आणि मग कुठं तिच्या डोक्याला कळलं की आपण सोडलंय. तिनं खाली पाहिलं. हवालदाराच्या दोन पायांमधून एक हात आत आला होता, फरशीवर उपडा, करंगळी बाहेर वळलेली. त्या हाताच्या मागं, लोकांच्या चपलांच्या गर्दीत, गाल जमिनीला टेकवून गादीकाका पालथे पडले होते.

"कुशीवर घे त्याला, शिडे," काका म्हणाले. "श्वास थांबलाय त्याचा."

तिनं त्याला कुशीवर घेतलं. चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता, ओठ निळे. काका गुडघ्यावर सरकत आले आणि त्याची हनुवटी वर केली. किती वेळ गेला ते शिडीला पुढं कधी सांगता आलं नाही. मग त्या मोठ्या छातीत काहीतरी अडखळलं, घशातून करवत ओढल्यासारखा आवाज निघाला आणि श्वास आत गेला. बाहेर आला. पुन्हा आत गेला. रोज हजारो वेळा आपण तेच करतो आणि ढुंकून बघत नाही. शिडी फुटपाथवर बसून ते बघत राहिली. एवढं मोठं काही तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. रुग्णवाहिका येऊन त्याला घेऊन गेली तरी तिच्या अंगावरचा काटा गेला नव्हता.

काका तिथं कसे आले, ते काकूंनी नंतर सांगितलं. त्या दिवशी काकांना सुट्टी होती. चष्म्याची काडी तुटली होती, ती बसवायला दोघं समोरच्या दुकानात आले होते. गर्दी दिसली म्हणून काका पायरीवर आले. त्यांना माणसांच्या पायांतून फक्त त्या माणसाची पावलं दिसली, बुटांची टोकं फरशी खरवडत होती. मग ती खरवडायची थांबली. काका तिथूनच हातातली पिशवी टाकून धावले. धडपड म्हणजे काय आणि तिच्या मागून येणारी ती शांतता म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी शिडीला हाक मारली, दोनदा, तिनं ऐकली नाही. हवालदार त्यांना ओळखत नव्हता, त्यानं मागं ढकललं. वाद घालायला वेळ नव्हता. छप्पन्न वर्षांचा तो माणूस नव्या इस्त्रीच्या शर्टानिशी रस्त्यावर आडवा झाला.

नळदुरुस्तीवाला वाचला. चौथ्या दिवशी शिडी इस्पितळात गेली, वर्दी न घालता. काय बोलायचं ते घोकून गेली होती, आणि दारातच सगळं विसरली. त्याची बायको खाटेजवळ बसली होती, तिनं शिडीकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. तो मात्र उठून बसला. शिवी देईल असं शिडीला वाटत होतं, दिली असती तर बरं झालं असतं. तो बिचारा विचारत होता की मी काय केलं असतं म्हणजे तुम्ही उठला असता. तेव्हा शिडीनं त्याला थापेचं सांगितलं, की आम्हाला असं असं शिकवलेलं असतं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, एखाद्या नव्या नळाची रचना समजून घ्यावी तसं.

"बाई, मला हे कुणी सांगितलंच नव्हतं," तो म्हणाला. "आणि सांगितलं असतं तरी माझे हात पोटाखाली होते."

शिडी तिथून घरी चालत गेली. बसमध्ये बसवेना.

पुढच्या आठवड्यात चौकशी होती. हवालदारानं तिला बाजूला घेऊन बजावलं की मूग गिळून बस, प्रत्येक गोष्ट शिकवल्याप्रमाणेच झाली आहे, कागद स्वच्छ आहेत, उगाच पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस. मनानं चांगलाच होता तो. आणि कागद खरंच स्वच्छ होते. चौकशी अधिकाऱ्यापुढं एक यादी होती, पकड बरोबर, पाडणं बरोबर, गुडघ्याची जागा बरोबर, सगळीकडं खुणा. त्यानं यादी मिटली आणि सहज शेवटचं विचारलं, की तो शांत झाल्यावरही भार का काढला नाही. शिडी उभी राहिली. तिला आईवडील आठवले, वर्दी घातली त्या दिवशी आईनं स्वतः बसवलेली बाहीची शिवण आठवली.

"मी थापेची वाट बघत होते, साहेब," ती म्हणाली.

अधिकाऱ्याला काही उमगलं नाही. भिंतीजवळच्या खुर्चीवर उस्ताद बसला होता, त्याला मात्र उमगलं. ज्याची जीभ कधी थांबली नव्हती, तो माणूस तोंड उघडं ठेवून तसाच बसून राहिला. मनातल्या मनात तो तुकड्या मोजत असावा. बावीस वर्षांच्या तुकड्या, सगळी शहाणी, आज्ञाधारक पोरं, आत्ता या क्षणी रस्त्यारस्त्यावर उभी असलेली. जोर लावताना प्रत्येकाचा कान एका आवाजाकडं लागलेला, आणि बाहेरच्या एकाही माणसाला तो आवाज काढायचा असतो हे ठाऊक नाही. त्या खोलीतल्या सगळ्यांनाच हळूहळू ते दिसायला लागलं.

तेवढ्यात साक्षीला आलेले गादीकाका उठले. त्यांना अजून कुणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"चूक हिची असेल ती हिची," काका म्हणाले. "पण बावीस वर्षं थापा मारल्या मी, साहेब. खऱ्या माणसाला थाप येत नाही."

कुणी हसलं नाही. तोच विनोद उस्तादानं किती वेळा केला असेल, आणि आज तो खाली मान घालून ऐकत होता.

शिडीला रस्त्यावरून काढलं. वर्दी राहायची की जायची, याचा निर्णय अधिकाऱ्यानं पुढं ढकलला आणि सांगितलं, की आधी तिनं केंद्रात परत जाऊन शिकून यावं, माझ्यासमोर करून दाखवावं, मग बघू. काय शिकायचं ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं. ते काकांनी ठरवलं. यापुढं मी थाप मारणार नाही, काही झालं तरी मारणार नाही, असं त्यांनी उस्तादाला सांगितलं. उस्ताद उखडला. तुमचं डोकं फिरलंय का, तुमचं वय काय, इथं जीव गेला तर मी काकूंना कुठल्या तोंडानं भेटू, असं बरंच बोलला. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, की हॉलमध्ये कुणाचा तरी जीव धोक्यात असल्याशिवाय पोरं बघायला शिकणार नाहीत, आणि बाहेर तर तो रोज असतोच.

घरी काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी शर्टाचं वरचं बटण नेहमीसारखं लावून दिलं, आणि मग ते परत काढलं. मोकळंच असू द्या, म्हणाल्या.

हॉलमध्ये त्या सकाळी तीस-चाळीस माणसं भिंतीला लागून उभी होती. नवी तुकडी होती, रस्त्यावरून परत बोलावलेले जुनेही होते. अधिकारी होता, आणि दाराशी एक डॉक्टरीणबाई, उस्तादानं हट्टानं बोलावलेली. काका गादीवर आले आणि पालथे झाले. नेहमी ते हात डोक्याच्या दोन्ही बाजूंना पसरून पडायचे. आज त्यांनी दोन्ही हात ओढून पोटाखाली घेतले, आणि वर आपलंच अंग टाकलं. हुबेहूब तसाच पडला होता तो माणूस.

उस्तादानं खूण केली. शिडीनं गुडघा टेकवला, होता तिथंच, आणि भार दिला. अधिकाऱ्यानं तसंच सांगितलं होतं, खोटंखोटं चालणार नाही. उस्ताद मोठ्यानं आकडे मोजत होता. एक. दोन. शिडीचा कान सवयीनं गादीकडं लागला. गादी गप्प होती. तिनं कान तिथून ओढून काढला, अक्षरशः ओढून काढावा लागला, आणि काकांकडं पाहिलं. कानाची पाळी लाल होत होती. मानेवरची एक शीर वर आली होती. चार. पाच. काका धडपडले, आणि गुडघा आणखी दाबायला निघाला, तिच्या हुकमाशिवाय, जुना शिकलेला गुडघा. तिनं तो थांबवला.

आणि मग तिला कळलं. गुडघ्याखाली फासळ्या होत्या. त्या वर यायला बघत होत्या आणि त्यांना जागा मिळत नव्हती. भीती नव्हती त्यात, राग नव्हता, सुटायची खटपट नव्हती. एका माणसाला श्वास घ्यायचा होता, बस्स. काकांना वरच्या माणसाचं मन गुडघ्यातून कळतं ते कसं, हे तिनं तीन वर्षांपूर्वी कितीदा विचारलं होतं, आणि काका नुसते हसायचे. आज खालचा माणूस तिला गुडघ्यातून कळत होता, अगदी स्पष्ट, बोलल्यासारखा. फुटपाथवरचा तो माणूसही असाच बोलला असणार, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिचे डोळे भरून आले.

उस्तादाचा आकडा सातावर होता तेव्हा तिनं भार काढला, काकांच्या खांद्याखाली हात घातला आणि त्यांना कुशीवर घेतलं. काकांनी एक मोठा श्वास ओढला, मोकळ्या बटणापाशी गळा वरखाली झाला. डॉक्टरीणबाई दोन पावलं पुढं आली होती ती थांबली.

"लवकर सोडलंस," काका धापा टाकत म्हणाले. "बेड्या राहिल्या की."

"कुशीवर पण घालता येतात, काका," शिडी म्हणाली.

काकांनी डोळे मिटले आणि हसले. अधिकारी आपल्या हातातला कागद विसरून गादीकडं बघत होता, आणि भिंतीजवळचे सगळे त्याच जागी बघत होते. काकांचे दोन्ही हात अजून पोटाशीच होते.